डबा परदेशी, आत नाचणी

अगं, कॉलेजात मी ज्युदो खेळायचे ना, तेव्हा मामाने दुबईहून प्रोटीन पावडर आणलेली. तिच्या जोरावर मी भल्याभल्यांना आपटायचे. लग्नानंतर आई म्हणाली, "पावडर महिन्यात संपली होती. पुढे दोन वर्षं त्या डब्यात नाचणीसत्त्व भरायचे मी."

आता माझी दहा वर्षांची सई कांदिवलीत ज्युदो खेळते. तिलाही पावडर हवी! मी मीठसुद्धा लेबल वाचून घेणारी, त्या पावडरींची लेबलं वाचून माझी वाटच लागली. शेवटी आईकडून तोच डबा आणला, नाचणी भरूनच.

पहिल्या स्पर्धेआधी सई गटागटा प्यायली आणि जिंकली. मग म्हणते, "आई, डब्यावरची तारीख माझ्या जन्माआधीच संपलीय."

"अगं, मग प्यायलीस कशी?"

"नाचणीच आहे ना? आजीकडे रोज पिते मी!"