रत्नदीप बेलफास्टला निघताना

मंचावरील अध्यक्ष माननीय निशिकांत गमरे साहेब, प्रमुख पाहुण्या डॉक्टर नीलिमाताई, आणि टॅम्पिनीस, हौगांग अशा शहराच्या लांबच्या वस्त्यांतून रविवारची झोप मोडून इथे तोआ पायोहला आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना सप्रेम जयभीम.

माझ्या धाकट्या भावाला, रत्नदीपला, बेलफास्टच्या विद्यापीठात संशोधनाची नोकरी लागली, म्हणून हा निरोप. कौतुकाचे चार शब्द बोलायला मला उभं केलंय. पण खरं सांगू? मला भीती वाटतेय. 'ताई हो म्हणाली तरच जाईन,' असं त्यानं बजावलंय, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, अंजलीताई, आता कसली भीती? याच, दोन हजार सातच्या मे महिन्यात तिथले हाडवैरी, दोन ख्रिस्ती पंथांचे पुढारी, एका सरकारात बसले. टीव्हीवर चक्क हसत होते! अहो, पण अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्येही शांतता करार झालाच होता. आम्ही तेव्हा बेलफास्टलाच राहायचो. मी शिरा करून शेजारीपाजारी वाटला. आणि ऑगस्टमध्ये काय झालं?

पंधरा ऑगस्ट, शनिवार. हे, म्हणजे अर्जुन, कामासाठी ओमा गावी गेले होते. आपल्या लोकांची सवय ठाऊकच आहे: निघताना फोन दोनदा वाजवून ठेवून द्यायचा, पैसे वाचतात. तसा वाजला. मी निर्धास्त कणीक मळायला घेतली, आणि बातमी आली, ओमाच्या बाजारात बॉम्ब फुटला. निघाले म्हणजे बाजारातल्या त्याच रस्त्यानं की हो! शेजारच्या मॉरीनबाई माझे पिठाचे हात धरून बसून राहिल्या. संध्याकाळी हे आले. शर्टावर रक्त होतं, दुसऱ्यांचं. त्याचा विषय निघाला की हे खाली बघतात. ते बघा, आत्ताही खाली बघताहेत.

गेल्या आठवड्यात मॉरीनबाईंना फोन करून विचारलं, भावाला पाठवू का? म्हणाल्या, "भीती मलाही वाटते गं. तरी नातवंडांना रोज शाळेत पाठवते, पलीकडच्या पंथाच्या वस्तीतल्या पोरांच्या शेजारी बसायला. आम्हीच घरात कोंडून घेतलं, तर तो करार नुसता टीव्हीवरच राहील."

अध्यक्ष महोदय, वेळ दिलात, आभारी आहे. आनंदाच्या सभेत रडगाणं गायले, तेवढं पदरात घ्या.

रत्नदीप, इकडे ये. भीती गेलेली नाही रे, जाणारही नाही. तरी हो म्हणते. जाऊन ये.