दोन खिडक्या आणि भानुदासकाकांची फाईल

मंडळी, शेतातली कामं टाकून तुम्ही एवढे सगळे आलात. मला बोलायची सवय नाही. नुसतं दुःख असतं तर रडून मोकळा झालो असतो. मला भीती वाटतेय.

शेवगावच्या आपल्या या छोट्या दवाखान्यात भानुदासकाका कॉम्प्युटर सांभाळायचे, मी त्यांच्या हाताखाली. कोणाला कुठलं औषध सोसत नाही, ती नोंद डेटाबेसच्या एका फाईलमध्ये. केसपेपरची खिडकी आणि औषधाची खिडकी, दोन्हीकडून उघडावी म्हणून मी ती मधल्या खोलीत, वायरीने दोन्ही कॉम्प्युटरना जोडलेल्या डिस्कच्या डब्यात, सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. सगळ्यांनी कौतुक केलं. काकांनी नाही केलं.

म्हणाले, "आरं, वायरीपल्याडच्या फाईलीचा भरवसा धरू नको. दोगांनी एकदम लिवलं, मधीच नेटवर्क गेलं, तरी दोगांनाबी वाटतं आपलं लिवलं गेलं. फाईल एकाच मशीनच्या सोताच्या डिस्कवर ठिव. लिवंल ते फकस्त त्येच मशीन. बाकीच्यांनी त्याला सांगायचं." मी हसलो. म्हणालो, "काका, रोज कॉपी घेतो की." ते म्हणाले, "मोडक्या फाईलीची कॉपीबी मोडकीच असती."

पुढे काय झालं? कडूबाई मावशींना एक इंजेक्शन चालत नाही, फाईलमधली ती ओळच गायब झाली. स्क्रीनवर चूक दिसली नाही. सुई भरलेली होती, मंडळी. काकांना ते तोंडपाठ, म्हणून धावत येऊन त्यांनी सिस्टरचा हात धरला. मावशी आज इथं बसल्यात.

त्या दिवसापासून मी फाईल हलवतो, हलवतो म्हणत राहिलो. काका मात्र रोज खिडकीशी उभे राहून माणसागणिक विचारायचे, कुठलं औषध सोसत नाही. परवा छातीत कळ आली आणि ते गेले. काल मी फाईल एका मशीनच्या डिस्कवर हलवली. काल! पण तिच्यातून आधीच काय काय गेलंय, मला ठाऊक नाही. ज्यांना तोंडपाठ होतं, ते गेले.

काका, तुमचं ऐकलं नाही. माफ करा.

आता दोन मिनिटं उभं राहू. त्या शांततेत काकांना आठवा. आणि तुम्हाला कुठलं औषध सोसत नाही, तेही आठवा. घरचं कोणी ऊसतोडीला गेलं असेल, तर नंतर फोन लावून विचारा. मी दाराशी वही घेऊन थांबतो. हात जोडतो, सांगितल्याशिवाय कोणी घरी जाऊ नका.