पावडरताईंचा हात

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे विश्वस्त मंडळाचे सन्माननीय सदस्य, माझे सहकारी डॉक्टर, परिचारिका, नोंदणीच्या खिडकीवरची मंडळी, आज आमच्याकडे येऊनही तोंड मिटून बसायची मुभा मिळालेले आमचे सगळे पेशंट, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या ताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणत आलो, पण स्वतःचं उघडायची वेळ आली की पेशंटसारखाच खुर्चीत मागे सरकतो. गोड बोलणं मला कधी जमलं नाही. आमच्या घरी म्हणतात, तुम्ही अभिनंदनसुद्धा रागावल्यासारखं करता. तेव्हा सांभाळून घ्या.

ताईंना सगळे ‘पावडरताई’ म्हणतात. चार वर्षांपूर्वी आपल्या दवाखान्यात दात साफ करायचं एअर पॉलिशिंगचं मशीन आलं, तेव्हापासूनचं हे नाव. मशीन आणायचा हट्ट माझा. शिकल्या त्या. आणि पेशंटला काय सांगायच्या! मी दाराआडून ऐकत असे. “घाबरू नका, टोचायचं काही नाही. आधी दातांना जांभळा रंग लावणार. जिथे किटण आहे तिथे तो धरतो, आरशात बघा आणि लाजा. मग डोळ्यांना चष्मा, ओठांना व्हॅसलीन. कोमट पाणी, हवा आणि पिठासारखी बारीक पावडर, असा फवारा मारणार. सूं आवाज येईल, चव जरा खारट लागेल. हिरडी थोडी पाझरली तर दचकू नका. दगड झालेलं कीट पावडरीला दाद देत नाही, ते वेगळं काढावं लागतं. आणि दोन तास चहा-कॉफी नाही, रंग बसतो.” कुणी विचारलं, दात पांढरेशुभ्र होतील ना? तर म्हणायच्या, “तुमचेच दात तुम्हाला परत मिळतील, दुसऱ्या कुणाचे नाही मिळायचे.” तुमच्यापैकी किती जणांनी हे ऐकलंय? बघा, निम्मं सभागृह हसतंय.

पण हे सगळं नंतर. त्याआधी ताईंची एक पद्धत होती. दम्याचा त्रास आहे का, मीठ कमी खायला सांगितलंय का, हे विचारायचं. मग कापडाच्या घडीत जीभ धरून बाहेर ओढायची आणि वर, खाली, दोन्ही कडांना, गालांच्या आतून, सगळीकडे नीट बघायचं. दोन-तीन मिनिटं लागत. मी ती बंद केली. भिंतीवर घड्याळ लावलं आणि माणशी वीस मिनिटं ठरवून दिली. दात कोरून पोट भरत नाही, असं मी या ताईंना सगळ्यांदेखत म्हणालो होतो. त्या मला दातांच्या कण्या करून सांगत होत्या, “डॉक्टर, आधी बघू द्या हो. फवारा मारल्यावर सगळं लालच दिसतं. मग काय आधीचं आणि काय आपण केलेलं, कसं कळणार?” मी ऐकलं नाही. जीभ बघायला मी आहे ना, असं म्हणालो.

अध्यक्ष महोदय, माझ्या विषयाला सोडून मी बोलत नाहीये. दोन मिनिटं द्या.

आपल्याकडे एक घड्याळजी यायचे. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दर सहा महिन्यांनी यायचे, भयंकर घाबरायचे आणि घाबरल्याचं लपवायला विनोद करायचे. त्यांच्या पत्नी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, तुम्ही आलात, हे तुमचं मोठेपण. मी तुमच्या जागी असतो तर आलो नसतो.

दीड वर्षापूर्वी ते शेवटचे साफसफाईला आले. बाहेर रांग होती. नियमाप्रमाणे ताईंनी थेट फवारा घेतला. काम संपवून चूळ भरायला दिली, तेव्हा ताईंना त्यांच्या जिभेखाली डाव्या बाजूला सोललेला ठिपका दिसला. त्यांनी मला बोलावलं. मी किती वेळ बघितलं असेल? अर्धं मिनिट. म्हणालो, “फवाऱ्याचं नोझल आत वळलंय तुमचं. पावडरीनं सोललं. आठ दिवसांत भरेल.” ताई म्हणाल्या, “माझा हात त्या बाजूला खाली गेलाच नव्हता.” मी पेशंटसमोर म्हणालो, “मग काय भूत गेलं?”

उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि तेच फाईलवर लिहिलं. ‘पॉलिशिंग करताना झालेली इजा.’ खाली माझी सही.

आठव्या दिवशी ताईंनी फोन केला. घड्याळजी म्हणाले, बरं आहे, भरलं. पंधराव्या दिवशी पुन्हा केला. म्हणाले, अगदी उत्तम. बरं नव्हतंच. जेवताना आग व्हायची, एकाच बाजूनं चावायचे. वहिनींनी मला गेल्या महिन्यात सांगितलं, ते का खोटं बोलत होते. घरी म्हणायचे, “दुखतंय म्हटलं तर त्या बाईला पुन्हा बोलणी बसतील. हात हलका आहे गं तिचा, चुकून लागलं असेल.” पाच महिने! मानेला गाठ आली तेव्हा आले. कर्करोग होता, आणि फार उशीर झाला होता.

मग चौकशी झाली. समितीने फाईल वाचली. ताईंच्या हातून इजा झाली, त्यामुळे मूळ आजार झाकला गेला, असा निष्कर्ष निघाला. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, “डॉक्टरांनी लिहिलंय ना? मग तसंच असेल.” माझं ऐकून ऐकून या बाईला स्वतःच्या हाताचा भरवसा राहिला नव्हता. मी त्या समितीत होतो. खुर्चीत बसून होतो आणि गप्प होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी डोळ्यांनी बघितली, कारण चोर मीच होतो. दोन वर्षं नोकरी शिल्लक असताना त्यांना जायला सांगितलं, आणि आज आपण त्याला निरोप समारंभ म्हणतोय.

बसा ताई, उठू नका. रडू तर मुळीच नका, मला पुढचं बोलता येणार नाही.

पावडरीनं सोललेली जखम पसरट आणि ओली असते. ती जखम तशी नव्हती. तिला टणक, उचललेली कड होती, कर्करोगाच्या जखमेला असते तशी, आणि ती मला त्या अर्ध्या मिनिटात दिसली होती. बाहेर रांग होती, मला नीट बघत बसायचं नव्हतं, म्हणून मी दुसऱ्याच्या हातावर ढकललं. अध्यक्ष महोदय, आपल्यासमोरच्या पाकिटात मी हे सगळं सही करून दिलंय. समितीने फाईल पुन्हा उघडावी. कारवाई माझ्यावर व्हावी.

आयोजकांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. शेवटी, काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायचं असतं. ते मी म्हणणार नाही. वहिनी, तुम्हाला ते शक्य नाही. आणि ताई, तुम्ही लगेच घालाल, म्हणून तर नाही म्हणत.