मालट्रकमधील डबाबंद कॉइलबाबत

जबाब देणार नाथाजी हरी लोहार, वय वर्षे ४८, धंदा कॉइल भरणे व मोटारींत रेडिओ बसवणे, राहणार कुपवाड, मूळ गाव पाटण तालुक्यात. जानेवारी १९७६.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, कुपवाडास माझी पत्र्याची शेड आहे. तेथे मी एकटाच काम करतो. तारेचे वेढे मोजताना नाम घेतो, त्यामुळे मोजणी चुकत नाही.

मालट्रकचे मालक हंबीरराव यांना मी ओळखतो. त्यांचा ड्रायव्हर अर्जुना याचे गाव पूर्वेकडच्या माळावर असून त्याचे वाडवडील मेंढरे राखत. ट्रकमधील रेडिओ गाडी चालू असता घुमत असे. गाडीचा वेग वाढला की घुमणे चढे, उतरला की उतरे. लांबून ऐकले तर कोणी तोंड मिटून गात आहे असे वाटे. हा आवाज बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोचा. तो अडवण्यासाठी रेडिओच्या वायरीत कॉइल असते, परंतु जुनी कॉइल उघडी होती. उघड्या कॉइलमध्ये बाहेरचा चुंबकी जोर शिरतो. डबाबंद कॉइलभोवती फेराइटची वाटी असते, तिच्यामुळे बाहेरचा आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. साहेबांनी फोड करून सांगण्यास सांगितले म्हणून सांगतो की, गाभाऱ्यातल्या समईचा उजेड रस्त्यावर येत नाही, तसे.

मालकांनी घुमणे बंद करण्यास सांगितले. लहान डबाबंद कॉइल लावून पाहिली. आवाज मोठा केला की ती दमत असे, म्हणून मोठ्या वाटीची निवडली. इंजिनाची धग आणि खड्ड्यांचे हादरे सोसावेत म्हणून ती वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवली. बसवल्यावर रेडिओवर भजन चालू होते. टाळाच्या दोन ठोक्यांमधली शांतता ऐकू आली. मी हात पुसायचे विसरून ऐकत राहिलो.

त्या दिवशी अर्जुना बिरोबाच्या दर्शनाला गेला होता. डायनॅमो बॅटरी भरतो की नाही हे दाखवणारा त्याच्या गाडीतला चार्जिंगचा काटा फार दिवसांपासून बंद आहे. तो मला पूर्वी म्हणाला होता, "आवं नाथाजी, ह्यो घुमतोय तवर डायनॅमो जित्ता हाय. मेंढराच्या गळ्यातली घंटी थांबली की माझा बा झोपेतनं उठून बसायचा, तसं हाय ह्ये."

म्हणून मी हंबीररावांना म्हणालो, "मालक, अर्जुनाला तेवढं सांगा, आता घुमणार न्हाई."

ते हसून म्हणाले, "त्यात काय सांगायचं गड्या? गाणं ऐकंल तवा कळंलच की त्येला."

दुसऱ्या दिवशी अर्जुना गूळ भरून वाईकडे निघाला. दिवेलागणीच्या सुमारास वाईच्या अलीकडच्या रस्त्यावर धुके होते. त्याच्या ट्रकची धडक बैलगाडीस बसून गाडीवान केरबा यांचा पाय मोडला व एक बैल मेला. अर्जुना दारू पिऊन झोपला होता असे मालकांनी सांगितल्याचे व त्यावरून त्याला अटक झाल्याचे समजले.

अर्जुनाची बायको सुलाबाई माझ्या शेडवर आली. ती म्हणाली, "दादा, माळकरी माणूस त्यो, थेंब घेत न्हाई. तुरुंगात घातला तर लायसन जाईल. मग पुन्हा मेंढरं कुठली आणायची आमी?" मी तिला पाणी दिले. नंतर आम्ही दोघे एस.टी.ने येथे ठाण्यात आलो.

कोठडीच्या गजाआडून अर्जुनाने मला सांगितले, "दिवा लावला, रेडिओ लावला, आन् घुमंनाच. म्हटलं, डायनॅमो मेला. बॅटरी वाईपातूर पुरावी म्हणून मोठं दिवं मालवलं. बारक्या दिव्यावर सावकाश चाललो होतो. धुक्यात गाडी दिसलीच न्हाई." केरबा कसे आहेत हे त्याने मला दोनदा विचारले.

साहेबांच्या परवानगीने हवालदारांसमक्ष आवारातील ट्रक मी चालू केला. डायनॅमो चांगला आहे. रेडिओ स्वच्छ वाजत होता. मग मी डबाबंद कॉइल सोडवून त्या जागी सोबत आणलेली जुनी उघडी कॉइल जोडली व ॲक्सिलेटर दाबला. घुमणे हळूहळू चढले. आवारातली माणसे ट्रकभोवती जमली.

तेवढ्यात आत कोठडीतून अर्जुना ओरडला, "चालू झाला! नाथाजी, डायनॅमो चालू झाला, दिवं लावा आता!"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी मोठे दिवे लावले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. माझ्या सांगण्यात व कागदात फरक नाही. खाली माझी सही केली आहे.