फिक्या रंगाचं पाणी

सून : हे सील तुम्हीच तोडलंत ना, बाबा? सरळ सांगा.

सासरे : मला इथं सासरा म्हणून विचारतेस की रंगमास्तर म्हणून?

सून : कारखान्याचं पाणी माझ्या ताब्यात आहे म्हणून विचारतेय. बोअरच्या व्हॉल्व्हला मी माझ्या हातानं तार बांधून सील लावलं होतं. आज बघते तर तार कापून पुन्हा पीळ घातलेला. असा देखणा पीळ एकच माणूस घालतो. आपल्या घरच्या कपडे वाळवायच्या तारेला तोच आहे.

सासरे : पोलिसात जायची होतीस तू, चुकून पाण्यात पडलीस.

सून : हसण्यावारी नेऊ नका. सील कोणी तोडलं, ते पाचच्या आत साहेबांना लिहून द्यायचंय. ज्यानं तोडलं त्याला घरी बसवणार म्हणालेत.

सासरे : मग लिही की. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझ्या. दोन वर्षं आधी पेपर वाचत बसेन.

सून : एकतीस वर्षं कापड रंगवलंत, आणि जाताना चोर म्हणून जाणार? माझ्या पाण्यावर तुमचा भरवसा नाही, एवढंच ना? तुमचंच रंगाचं पाणी गाळून, मऊ करून परत तुमच्या हौदात सोडते, ते तुम्हाला उष्टं वाटतं.

सासरे : उष्टं? अगं, जगात बिनउष्टं पाणी आहे कुठं? ढगातलंसुद्धा आधी कुणाच्या तरी घशाखालून गेलेलं. देवानं एकदाच दिलंय, आपण आलटून पालटून तेच वापरतोय.

सून : झालं निरूपण? मग ताजं कशाला ओढलंत? खाली आपल्या वस्तीतल्या विहिरीला दोर पुरेना, म्हणून तर हे बोअर बंद केलं आपण. परवा आईंनी दोराला आणखी दोन हात जोडले.

सासरे : ठाऊक आहे. गाठ मीच मारून दिली.

सून : घरी गाठ मारायची आणि इथं येऊन व्हॉल्व्ह उघडायचा!

सासरे : उघडताना दर वेळी देवाची क्षमा मागितली गं.

सून : देवाची मागितलीत. विहिरीची कोण मागणार?

सासरे : हं.

सून : नुसतं हं करू नका. ही मीटरची वही बघा. तीन आठवडे झाले. रोज नाही उघडलंत तुम्ही. फक्त सोमवारी आणि गुरुवारी. दर वेळी तीस हजार लिटर. हेच दोन वार का?

सासरे : फिके लॉट असतात. आकाशी, मोतिया. गडद रंग शंभर अपराध पोटात घालतो. फिका एकही घालत नाही.

सून : फिके लॉट बुधवारीही होते, शनिवारीही होते. ते माझ्याच पाण्यात रंगवलेत तुम्ही, आणि छान उतरले.

सासरे : चहा घेतेस थोडा?

सून : बाबा!

सासरे : वही मिट. माझं नाव लिही आणि मोकळी हो.

सून : सोमवार, गुरुवार… त्या सकाळी मी पाणी मऊ करायचा सॉफ्टनर धुते. आतले मणी मिठाच्या पाण्यानं ताजे करायचे, मग मीठ निघेपर्यंत साध्या पाण्यानं… थांबा. साध्या पाण्याची चाळीस मिनिटं मी वीसवर आणली. तीन आठवड्यांपूर्वी.

सासरे : हो.

सून : मीठ राहत होतं मागं?

सासरे : जिभेला लागण्याइतकं. पहिल्याच सोमवारी आकाशी कापड गाईच्या पाठीसारखं चट्ट्यापट्ट्याचं निघालं. मीठ असलं की रंग घाईनं पळत जाऊन मिळेल तिथं बसतो. हौदात बोट बुडवून चाखलं, तेव्हाच उमगलं. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गोडं.

सून : आणि मला सांगावंसं वाटलं नाही?

सासरे : कसं सांगू? त्याच सोमवारी दुपारी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून तुझं कौतुक केलं. धुवायचं पाणी निम्म्यावर आणलं म्हणून. घरी आलीस तर पाय जमिनीवर नव्हते. जेवताना तीनदा तेच सांगितलंस, आणि मी तीनदा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. म्हटलं, राहू दे झाकली मूठ.

सून : अहो, मी वाचवले दोन हजार लिटर. ते झाकायला तुम्ही तीस हजार उपसलेत!

सासरे : मायेला मीटर नसतं, पोरी.

(सून वहीतलं कोरं पान फाडते आणि लिहू लागते.)

सासरे : काय लिहितेस एवढं?

सून : जे झालं ते. धुवायची वेळ मी अर्धी केली, आणि मीठ उतरलं का ते तपासलं नाही.

सासरे : वेडी की काय! ज्यांच्यासमोर कौतुक झालं, त्यांच्यासमोरच नाचक्की होईल.

सून : होऊ दे. आणि त्याखाली लिहितेय, सील रंगमास्तरांनी तोडलं. ते मी खोडणार नाही हं.

सासरे : खोडलंस तर तुझ्या हातचं जेवणार नाही.

सून : उद्या गुरुवार. पूर्ण चाळीस मिनिटं धुते. पण ते खारं पाणी गटारात सोडायला जीव होत नाही. तुमच्या काळ्या रंगाला मीठ लागतंच ना?

सासरे : पोत्यांनी लागतं.

सून : मग सुरुवातीचं खराब पाणी सोडून बाकीचं काळ्याच्या हौदात देते. चालेल?

सासरे : चालेल म्हणजे? पोतं-दीड पोतं मीठ वाचेल वर. हे मला तीन आठवड्यांपूर्वी का नाही विचारलंस?

सून : तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलंत?

सासरे : घे. फिटंफाट.

सून : चला, दोघं मिळून वर जाऊ. मी बोलेन, तुम्ही मध्ये माझी बाजू घ्यायची नाही.

सासरे : आणि साहेबांनी मला घरी बसवलंच, तर उद्या सकाळी फिक्याचं पाणी कोण बघणार? तुझ्या मशीनला मिठाचा आकडा कळेल. रंगाला चालेल की नाही, ते नाही कळणार.

सून : मी बघेन.

सासरे : जमेल?

सून : शिकवलंत तर.

सासरे : पाचला अजून दहा मिनिटं आहेत. ये इकडे. बोट बुडव.