सिनेमा नसलेली बोट

आमच्या बाबांना काही निवडायला सांगण्यात अर्थ नाही, हे मी बी.ए. झाल्यापासून घरात सांगते आहे. कारखान्याने त्यांना ट्रेनिंगसाठी रशियाला पाठवलं, तेव्हा आमच्या शेजारच्या नीनाताई, म्हणजे एका रशियन इंजिनियरची बायको, सांगत होत्या की तिकडे नदीवर फिरायला दोन बोटी असतात. मोठीवर सिनेमा आणि बँडबाजा. छोटी गावोगाव थांबत रखडत जाते. मी बाबांना बजावलं, मोठीतच बसा.

परत आल्यावर म्हणतात, "छोटीत बसलो."

"कावून?"

"मोठी नीनाच्या गावाले थांबत नाही ना."

"पण तिथे आता आहे कोण?" नीनाताईंची आई त्याच उन्हाळ्यात वारली होती, आणि त्यांना इथून जाता आलं नव्हतं.

"घाट आहे," म्हणत बाबांनी ट्रंकेतून बाटली काढली. नदीचं पाणी! लोक रशियाहून कॅमेरे आणतात. मी म्हटलं, "हे त्यांना देऊ नका, हसतील."

बाबांनी ऐकलं नाही. नीनाताईंनी थोडं पाणी तळहातावर घेतलं आणि आमची आई गंगाजल लावते तसं डोळ्यांना लावलं. मग त्यांच्या हिंदीत विचारलं, "भैया, घाट का सीढी अभी भी टूटा है?"

"टूटाच है," बाबा म्हणाले. "मैं उसीपर गिरा."

आणि मी म्हटलं होतं तशा नीनाताई हसल्या, त्यांची आई गेल्यापासून पहिल्यांदाच.