जोडीला पाली

नाशिकच्या एका कॉलेजात मोहिनीताई भाचीच्या प्रवेशासाठी रांगेत उभ्या होत्या. पुढे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होते.

"चैताली, बॉटनी ठीक आहे. पण जोडीला पाली कशाला?"

"पप्पा, जुन्या पाली ग्रंथांत भिक्खूंच्या औषधांची यादी आहे. त्यातली काही झाडं नेमकी कुठली, ते मला शोधायचंय."

"ते भाषेवाले बघतील ना."

"त्यांना झाडं ओळखता येत नाहीत. आणि झाडंवाल्यांना पाली येत नाही."

"नोकरी कोण देणार?"

"माहीत नाही."

"निदान खोटं तरी बोलायचं."

"बरं, हलिद्दी म्हणजे काय, सांगा."

"हळद असेल."

"बरोबर! सिंगिवेर?"

"नाही बुवा."

"सिंगिवेर म्हणजे आलं."

"तीस वर्षं विहारात पालीतली वंदना म्हणतोय मी. तोंडपाठ आहे. पण शब्दाशब्दाचा अर्थ कधी कुणाला विचारला नाही."

"का?"

"लाज वाटायची."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "दुसरा विषय?"

चैताली वडिलांकडे बघत राहिली.

"पाली लिहा," ते म्हणाले. "आणि मॅडम, पालीचा संध्याकाळचा वर्ग असतो का?"

"मुलीला दिवसाच यावं लागेल."

"मुलीसाठी नाही. मी ऑफिसातून सहाला सुटतो."